मोबाईलचा खेळ आणि सहा इंद्रियांची दारे



गेल्या महिन्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही घरी पोहोचतो न पोहोचतो तोच कल्याण पूर्वेहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू आत्ताच्या आत्ता ये," एवढेच ती बोलली. ठाण्याहून लोकल पकडून गेलो, तर घरात सगळे गप्प. बहीण डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगचे काम करते. भिशीचा हप्ता म्हणून खात्यात ठेवलेले पैसे काढायला गेली, तर खाते रिकामे! आम्ही तिच्या मोबाईलवर बँकेच्या नोंदी उघडल्या. कुठे 49 रुपये, कुठे 99, कुठे 199. दोन महिन्यांत मिळून 4,760 रुपये. अकरावी कॉमर्सला असलेल्या भाच्याने आईच्या फोनवरून ते एका मोबाईल गेममध्ये घातले होते.

"काय विकत घेतलेस रे?" आम्ही विचारले.

"बंदुकीचा स्किन, मामा. चक्र फिरवायचे असते, त्यात येतो."

स्किन म्हणजे बंदुकीचा नुसता रंग! त्याने गोळी जास्त लांब जात नाही की जीव वाचत नाही. तोही पैसे देऊन मिळेलच असे नाही, नशिबात असेल तर मिळतो. आमच्या वडिलांच्या पिढीने मटक्याच्या आकड्यापायी संसार उठताना पाहिले. 'कल्याण मटका' हे नाव आपल्या शहरावरून पडले नव्हते, तो चालविणाऱ्या माणसावरून पडले होते, पण बदनामी शहराच्या वाट्याला आली. आता तोच आकडा रंगीत चक्र होऊन मुलाच्या हातात आला आहे, असे आम्हाला वाटले.

मेव्हणे हात उगारून उठले होते. त्यांना आम्ही थांबविले. कारण वाचकहो, एक कबुली द्यायला हवी. हा नाद आम्हालाही आहे. नव्वदच्या दशकात ठाणे स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एकेक रुपयाचे नाणे टाकून आम्ही खेळलो आहोत. शेजाऱ्यांच्या टीव्हीला कॅसेट जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळताना रात्रीचे जेवण विसरलो आहोत. आजही चळवळीची कामे उरकून वेळ मिळाला, की नवा गेम काय आला ते पाहतो. तेव्हा 'खेळच वाईट' असा उपदेश करायला आमचे तोंड नाही. मात्र कोणता गेम काय देतो आणि काय घेतो, हे सांगण्याइतका अनुभव आहे. म्हणून आजचे सदर यावरच.

प्रथम आपल्या वस्तीतील पोरे ज्यावर तुटून पडतात तो गेम. पब्जी मोबाईलवर भारत सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी घातली. त्याच धर्तीचा बीजीएमआय 2 जुलै 2021 ला आला, जुलै 2022 मध्ये बंद झाला आणि मे 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, हत्यारे गोळा करतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. खेळ म्हणून तो उत्तम बांधलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. चौघांचा गट करून एकमेकांना सांभाळून खेळावे लागते, नजर आणि हात तरबेज होतात. पण 2021 मध्ये हा गेम आला तेव्हा कंपनीने 18 वर्षांखालील मुलांसाठी जी मर्यादा जाहीर केली ती ऐका: दिवसाला 3 तास खेळ आणि दिवसाला 7 हजार रुपये खर्च. हिशेब ठेवणे हा आमचा पेशा आहे. आपल्या कितीतरी घरांत दोन आठवडे राबून 7 हजार रुपये हाती येतात. जी मर्यादा आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचते, ती मर्यादा कोणासाठी आखलेली आहे, हे आई-बापांनी ओळखावे.

ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा गेम आला. आपल्या पुण्यातील मुलांनी एवढे मोठे काम केले याचा आनंद वाटला. नाव सिंधू नदीचे, जागा मात्र विर्लोक नावाचा कल्पित ग्रह. सजावट देशी आहे, पण आत तेच उतरणे, तेच गोळा करणे आणि तेच मारणे. सिंधू संस्कृतीतील विटांची घरे आणि सांडपाण्याची गटारे बांधणाऱ्या लोकांविषयी त्यातून मुलाला काही कळेल, अशी आशा ठेवू नये.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीचा 'राजी' हा गेम 2020 मध्ये आला होता. तो जुना झाला तरी आम्हाला अधिक आवडतो. राजी ही सर्कशीत कसरती करणारी गरीब पोर. तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो आणि ती त्याला शोधायला निघते. कसरती करून पोट भरणारी मुलगी नायिका व्हावी, ही मोठी गोष्ट आहे. पण पुढे तिला शस्त्रे देव देतात, आणि शत्रू कोण, तर महाबलासुर नावाचा असुर. इथे आमचे मन अडखळते. महात्मा फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त बळीराजाची उलटी करून सांगितलेली कथा सुलटी केली. ज्यांनी ती वाचली आहे, त्यांना असुर म्हटले की लगेच तलवार उचलता येत नाही. गेम जरूर खेळावा, चित्रे देखणी आहेत. सोबत मुलांना विचारावे, की असुर कोणी कोणाला म्हटले?

आता मुख्य गोष्ट. भाच्याला त्या दिवशी आम्ही रागावलो नाही. पुढचे दोन रविवार त्याला डोंबिवलीला तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग कॅफेत घेऊन गेलो. पैसे आमचे. तिथे 'ब्लॅक मिथ: वुकाँग' हा चिनी गेम मोठ्या कॉम्प्युटरवर लावला. 20 ऑगस्ट 2024 ला तो बाहेर आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. चीनमधील जुन्या कादंबरीतील वानर हा त्याचा नायक. कादंबरीत हा वानर एका बौद्ध भिक्खूला धम्मग्रंथ आणण्याच्या प्रवासात सोबत करतो, आणि गेमची कथा त्या प्रवासानंतरची आहे.

"तो भिक्खू कोण, माहीत आहे का?" आम्ही भाच्याला विचारले. त्याने मान हलविली.

तो ह्युएन त्संग! खरा माणूस. सातव्या शतकात तो चीनमधून वाळवंट आणि डोंगर तुडवीत भारतात आला, नालंदा येथे शिलभद्रांकडे शिकला आणि 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतला. त्याच्यासोबत जादूचे वानर नव्हते, होती ती केवळ जिद्द. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. पुलकेशी राजाच्या या मुलखातील माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. दगडी हत्ती असलेल्या ज्या मोठ्या लेण्याचे वर्णन त्याने केले, ते अजिंठा असावे असे अभ्यासक मानतात.

गेममध्ये चमत्कार, राक्षस आणि मारामारी भरपूर आहे. बाबासाहेबांनी सांगितलेला धम्म त्यात शोधू नये. तरी दोन गोष्टी आम्हाला भावल्या. एक म्हणजे, तिसऱ्या भागात एक जण खोटे विहार उभारून स्वतःच बुद्ध म्हणून बसतो. बुवाबाजी ओळखायला शिकविणारा हा प्रसंग आपल्या मुलांनी पाहण्यासारखा आहे. दुसरी गोष्ट भाच्यानेच विचारली. "मामा, नायकाला सहा अवशेष गोळा करायचे असतात. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर. मग सहावा काय?"

सहावे मन. धम्मात यालाच षडायतन म्हणतात. जग आपल्या आत शिरते ते या सहा दारांनी, आणि दारावर पहारा नसेल तर त्यांतूनच तृष्णा शिरते. आम्ही त्याला म्हणालो, "तुझे ते चक्र आठव. आधी रंग डोळ्यांत भरतो, मग नाण्यांचा खळखळाट कानात. एवढ्यात मन म्हणते, अजून एकदाच."

पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, नव्व्याण्णव रुपये जाताना कळतच नाहीत."

हेच तर त्यातले कसब आहे! तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला केलेला उपदेश दीघनिकायात आहे. संपत्ती वाहून जाण्याच्या सहा वाटांत त्यांनी जुगार मोजला आणि त्याचे तोटेही मोजून सांगितले. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा धनासाठी झुरतो, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, सोयरीक जुळत नाही. आज कोणत्याही चाळीत जाऊन पडताळून पाहावे.

सरकारनेही उशिरा का होईना, पाऊल उचलले. ऑनलाइन गेमिंगचा कायदा संसदेत मंजूर झाला आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. असा खेळ चालविणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून ज्यांची मुले रमीत अडकली होती, त्यांनी लाज न बाळगता बोलावे. पण गेमच्या आतली रंगांची आणि कपड्यांची खरेदी या कायद्यानंतरही चालूच आहे. तिथे पहारा आपल्यालाच द्यायचा आहे.

तो कसा द्यावा? मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनला बँकेचे खाते जोडू नये. पैसे पाठविण्याचा पिन मुलाला सांगू नये. फोनच्या दुकानात खरेदीसाठी पासवर्ड लावता येतो, तो लावावा. चक्र फिरविणाऱ्या फुकट गेमपेक्षा एकदाच पैसे देऊन पूर्ण मिळणारा गेम वर्षाअखेरीस स्वस्त पडतो, हे पोरांना वहीत मांडून दाखवावे. आणि महिन्यातून एकदा तरी त्यांच्या शेजारी बसून ते काय खेळतात ते पाहावे.

जाता जाता एक स्वप्न. चीनच्या मुलांनी शान्शी प्रांतातील खरी मंदिरे आणि मूर्ती मोजून गेममध्ये उतरविल्या. आपल्याकडे काय कमी आहे? कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. कल्याण बंदरात माल उतरवावा, नाणेघाट चढून जुन्नरला जावे, वाटेतल्या लेण्यांत पाण्याची पोढी खोदवून द्यावी, असा गेम आपल्याच एखाद्या मुलाने का करू नये? पुण्यात होते ते उल्हासनगर-कल्याणच्या वस्तीतही होऊ शकते. विहाराच्या अभ्यासिकेत दोन कॉम्प्युटर आणि शिकविणारा एक तरुण, एवढ्यावर सुरुवात करता येईल. ज्यांच्याकडे जुना पण चालू कॉम्प्युटर पडून असेल, त्यांनी आपापल्या विहाराच्या समितीला कळवावे.

पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन भिवंडीजवळची लोनाडची लेणी पाहायला जाणार आहोत. कॉलेज सुटल्यावर तो एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागला आहे. आईचे 1,500 रुपये त्याने परत केले, 3,260 बाकी आहेत. बहीण मात्र अजून रात्री फोन उशीखाली ठेवूनच झोपते. तो फोन पुन्हा टेबलावर दिसेल, त्या दिवशी या सदरात जरूर कळवू.

नमो बुद्धाय! जयभीम!