दंतमूलगत रोग : मंजनाची मर्यादा आणि शस्त्रकर्माची वेळ

हिरडीतून रक्त येणे, मुखास दुर्गंधी असणे, दात हलू लागणे, या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपणा कोणासच नवा नाही. पुष्कळदा तर तो वैद्याकडे येण्यापूर्वी औषधी दुकानात जातो, मंजनाची डबी व इरिमेदादि तैलाची बाटली घेतो आणि समाधानाने घरी परततो. चार-सहा महिन्यांनी पुन्हा येतो, पुन्हा तेच घेऊन जातो. या सुखकर व्यवहाराविषयी व्यवसायबंधूंशी काही स्पष्ट बोलावे, असे आम्हांस वाटते.

आचार्य सुश्रुतांनी मुखरोग ६५ सांगितले; त्यांपैकी १५ दंतमूलगत आहेत. त्यांची चिकित्सा वर्णन करताना आचार्यांनी गंडूष, प्रतिसारण, कवल यांचा विस्तार केला हे खरे; परंतु शस्त्राला कोठेही संकोच केलेला नाही. शीतादात प्रथम रक्तविस्रावण, मग गंडूष. उपकुशात संशोधन करून खरखरीत पानांनी लेखन आणि त्यानंतर मधुयुक्त चूर्णाचे प्रतिसारण. अधिमांसात छेदन. दंतनाडीत तर, दात वरच्या हनूचा नसल्यास, तो काढून व्रणमार्ग शुद्ध करावा आणि क्षाराने किंवा अग्नीने दहन करावे, इतका स्पष्ट आदेश आहे. म्हणजे दूषित रक्त व मांस आधी दूर करावयाचे, औषधी द्रव्ये त्यानंतर. आपण मात्र उत्तरार्ध तेवढा उचलला आणि पूर्वार्ध सोडून दिला.

आधुनिक हिरडी-शस्त्रकर्माचा क्रम पाहिला तर तो या विचाराला परका वाटत नाही. निरोगी अवस्थेत दात व हिरडी यांमधील खाच साधारणतः १ ते ३ मिलिमीटर असते. किटण साचून शोथ झाला की ती खोल होत जाते. प्रथम दातांची व मुळांची स्वच्छता केली जाते. काही आठवड्यांनी खाच पुन्हा मोजतात. ती ५ मिलिमीटर वा अधिक राहिली आणि रक्त येतच राहिले, तर स्थानिक भूल देऊन हिरडी अलगद उचलतात, आतील किटण व रोगट मांस खरवडून काढतात आणि टाके घालतात. वाढलेली हिरडी छाटणे, उघडे पडलेले मूळ टाळूच्या ऊतीने झाकणे, या अन्य क्रियाही याच शाखेतील. आधाराचे हाड एकदा झिजले की कोणत्याही तैलाने ते भरून येत नाही. म्हणून विलंबाची किंमत दाताने मोजावी लागते.

येथेच मंजनाचा धोका लक्षात घ्यावा. खदिर, बब्बूल, माजूफळ ही कषाय द्रव्ये हिरडीचा पृष्ठभाग आवळतात, रक्त थांबते. रुग्ण समजतो रोग गेला; आपणही तेच समजतो. खोल खाचेतील पू मात्र तसाच असतो. लक्षण झाकणे म्हणजे रोगोपशम नव्हे.

हे आम्ही दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक प्रौढ भगिनी आली. मिश्रीची जुनी सवय. खालच्या हिरडीलगत पांढुरका चट्टा व मध्ये लहानसा व्रण. मिश्री सोडण्यास सांगून आम्ही यष्टिमधुसिद्ध घृत दिले. आग कमी झाली. तोच उपशय मानून आम्ही औषध चालू ठेवले. व्रणाचा काठ कठीण होत चालला आहे, हे बोटाने चाचपून पाहिले नाही. तिसऱ्या महिन्यात हनुवटीखाली गाठ हाताला लागली. तुकडा तपासणीत कर्करोग निघाला आणि जबड्याचा भाग काढावा लागला. पहिल्या महिन्यात पाठविले असते, तर कदाचित लहान शस्त्रकर्मावर भागले असते. ती बाई आजही भेटते, तक्रार करीत नाही. म्हणूनच ते विसरता येत नाही.

यातून आम्ही स्वतःसाठी जे नियम घालून घेतले, ते संघटनेने सर्वांसाठी स्वीकारावेत, असे आमचे मत आहे. मुखातील कोणताही व्रण वा चट्टा दोन आठवड्यांत भरून आला नाही, तर पुढील औषध न देता रुग्णास दंत वा मुखशल्यतज्ज्ञाकडे लेखी चिठ्ठीसह पाठवावे. हिरडी सुजून वाढलेली दिसली, तर चालू औषधे विचारावीत. अपस्माराचे फेनिटॉइन, रक्तदाबाचे निफेडिपिन व अम्लोडिपिन, प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन ही तिची ज्ञात कारणे आहेत. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता मूळ चिकित्सकाशी बोलावे. सुजेबरोबर ज्वर, पांडुता व अंगावर रक्ताचे ठिपके असल्यास शस्त्रापूर्वी रक्ततपासणी अनिवार्य. मधुमेह व रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती, तसेच आपण देत असलेल्या औषधांची यादी, शल्यतज्ज्ञास अवश्य कळवावी.

औषधी दुकानदार बंधूंना वेगळी विनंती. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. घटकांची पट्टी वाचल्याविना माल ठेवू नये. एकच ग्राहक हिरडीसाठी तिसऱ्यांदा बाटली मागू लागला, तर विक्रीपूर्वी एक प्रश्न विचारावा : 'तोंड कोणाला दाखविले का?' एका बाटलीचा नफा सोडल्याने दुकान बुडत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची सूची अधिसूचित झाली आणि देशभर वाद झाला. शस्त्र चालविण्याच्या अधिकारावर पुष्कळ बोलले गेले. शस्त्राची वेळ ओळखण्याच्या कर्तव्यावर फारच थोडे. तो अधिकार प्रशिक्षित मोजक्यांचा आहे. हे कर्तव्य मात्र खेड्यातील साध्या पदवीधर वैद्याचेही आहे.

रुग्ण शल्यतज्ज्ञाकडे पाठविल्याने वैद्य लहान होत नाही. व्रण भरल्यावर, शल्यतज्ज्ञाच्या संमतीने, गंडूष, पथ्य, मिश्री-तंबाखूपासून सुटका आणि दीर्घकाळची देखरेख ही कामे आपलीच आहेत, आणि ती आपण उत्तम करू शकतो. परंतु त्यासाठी प्रत्येक मुखरोगी रुग्णाचे तोंड उजेडात, ओठ-गाल दूर सारून, बोटाने चाचपून पाहिले पाहिजे. दर्शन व स्पर्शन ही परीक्षा आपल्याच शास्त्राने सांगितली आहे. उद्याच्या पहिल्या रुग्णापासून तिचा आरंभ व्हावा, एवढीच विनंती.