मृगापूर्वीचे हूड

मृग नक्षत्र जवळ आले की धाराशिव, कळंब, उमरगा येथील मोंढ्यांत बियाण्याबरोबर ताडपत्रीची विचारणा वाढते. त्याच दिवसांत सीट-कुशनचे काम करणाऱ्या कारागिरांच्या दारात हूडच्या जीपगाड्या उभ्या दिसू लागतात. वळवाच्या पहिल्या सरीत कोणाच्या मागच्या आसनावर पाणी ठिबकलेले असते, कोणाची चेन अर्ध्यावर अडकलेली असते, कोणाच्या खिडकीचे पारदर्शक प्लास्टिक दुधाळ झालेले असते. पावसाने हूड खराब केले, असे मालक सांगतो. वस्तुतः तूट फाल्गुनापासून पडत आलेली असते. पाऊस फक्त ताळेबंद मांडून दाखवतो.

जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाडी. वजन कमी राहावे, पुढची काच आडवी पाडता यावी आणि माणसाला चटकन उतरता यावे, यासाठी तिचे छत कापडी ठेवले गेले. भारतात ती आणणाऱ्या कंपनीची सुरुवात १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने पोलादाच्या व्यापारातून झाली. त्यातील भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीची पाटी बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. भागीदारी फुटूनही पेढी मोठी होते, याचे हे एक ठळक उदाहरण. १९४७ पासून विलीज जीप येथे जोडली जाऊ लागली. पुढे तिच्याच वंशातील गाड्या मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर शेतमाल, पाहुणे, वऱ्हाड आणि काळी-पिवळीचे प्रवासी वाहत राहिल्या. २०२० साली आलेल्या नव्या थारमध्ये कंपनीनेच पक्के कापडी, घडी पडणारे कापडी आणि टणक असे छताचे निरनिराळे प्रकार दिले. त्यामुळे जुन्या पिढीची ‘हूडची गाडी’ नव्या पिढीच्या हौसेत पुन्हा दाखल झाली.

या जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत. ऊन मात्र आठ महिने असते, आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. व्यवहारात ज्याला रेग्झिन म्हणतात ते हूडचे कापड म्हणजे विणलेल्या धाग्यांवर दिलेला पीव्हीसीचा थर. हा थर लवचिक राहावा म्हणून त्यात काही तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. उन्हाने ती हळूहळू निघून जातात. मग कापड आखडते, कडक होते आणि घडीच्या रेषेवर तडकते. शिलाईचा दोरा साधा सुती असेल तर तो कापडाच्याही आधी कुजतो. काळ्या मातीची बारीक धूळ घड्यांत आणि चेनच्या दातांत बसून कानसीसारखे काम करते. म्हणून नवे हूड शिवून घेताना कापडाच्या रंगापेक्षा दोऱ्याची चौकशी अधिक करावी. दोरा पॉलिस्टरचा, शिलाई दुहेरी आणि सुईची छिद्रे आतून सीलंटने बंद केलेली असावीत. कॅनव्हासचे हूड हवा खेळती ठेवते, परंतु ते ओले राहिले की त्याला बुरशी लवकर धरते. रेग्झिन पाणी अडवते, पण ऊन सोसत नाही. दोन्हींचे गुण एकाच कापडात मागणाऱ्या ग्राहकाला कारागीर हसतो, ते योग्यच आहे.

हूड बसवण्याची वेळ हाही विचाराचा विषय आहे. थंडीच्या सकाळी कापड आखडलेले असते. ते ओढून बसवले की शिलाईवर ताण येतो, चेन जुळत नाही आणि जुळवण्याच्या हट्टात तिचे दात जातात. भर दुपारी मे महिन्यात उलट घडते : कापड इतके सैल होते की ते घट्ट ताणले जाते आणि रात्री आकसताना बटणे उपटते. सकाळी दहा-अकराच्या उन्हात नवे हूड तासभर पसरून ठेवावे, घडीच्या रेषा सुटू द्याव्यात आणि मग दोन माणसांनी मिळून काम करावे. एकट्याने ते करू नये. एक बाजू ओढली की दुसरी सरकते आणि मध्याची शिवण वाकडी जाते.

जुने हूड उतरल्यावर उघड्या पडलेल्या लोखंडी कमानी बारकाईने पाहाव्यात. गंज असल्यास तो घासून रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. खरबरीत कमान नव्या कापडाला पहिल्याच वर्षी भोक पाडते. नंतर हूडची मध्यरेषा कमानींच्या मध्यावर आणून प्रथम पुढच्या काचेवरील पट्टी खाचेत बसवावी, मग मागची बाजू आणि शेवटी दोन्ही कुशी. सर्व बटणे आणि पट्टे आधी सैल लावावेत. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळू नये. खिडक्यांचे भाग सर्वांत शेवटी लावावेत. चेन लावताना तिची दोन्ही टोके हाताने जवळ आणावीत, चेनच्या जोरावर कापड ओढू नये. काम झाल्यावर गाडी दोन तास उन्हात उभी करून पट्टे पुन्हा एकदा तपासावेत. बादलीभर पाणी ओतून घेतलेली परीक्षा पहिल्या पावसाच्या परीक्षेपेक्षा स्वस्त पडते. पाणी शिवणीतून येते, काचेवरील पट्टीतून येते की दाराच्या रबरातून, हे तेव्हाच कळते आणि कारागीरही समोर असतो.

निगा सोपी आहे, परंतु येथील काही सवयी तिच्या विरुद्ध आहेत. रेग्झिनला चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवणे ही त्यांपैकी सर्वांत घातक. त्या दिवसापुरते हूड नवे दिसते खरे, पण कापडातील लवचिकता तीच द्रव्ये ओढून नेतात. कपड्यांची भुकटी, ब्लीच आणि थिनर यांचाही तोच प्रकार. धूळ प्रथम साध्या पाण्याने भिजवून वाहू द्यावी, मग सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरावा आणि साबण पुरता धुऊन काढावा. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी पाण्याचा जोरदार फवारा शिवणीवर व चेनवर मारू देऊ नये. पारदर्शक खिडकी कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे तिच्यावर वाळू घासणे होय. दिवाणजी असो वा ड्रायव्हर, हे एकदा करून दाखवल्याशिवाय कोणाला पटत नाही. घडी पडणारे हूड मागे टाकताना खिडक्यांच्या मध्ये जुन्या धोतराचे मऊ कापड घालावे.

चेनला इंजिन तेल लावल्यास धूळ चिकटून गाठी होतात. आधी कोरड्या ब्रशने दात साफ करून मेणबत्तीचे मेण किंवा सिलिकॉन पुरेसे होते. गाडी चिंचेखाली किंवा लिंबाखाली उभी करण्याचा मोह येथील उन्हात समजण्यासारखा आहे, तथापि पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी धुतला नाही तर डाग कायमचा बसतो. त्यापेक्षा पत्र्याची शेड बरी. ओले हूड कधीही गुंडाळून ठेवू नये. अखंड पावसात तसे करावे लागलेच, तर पहिल्या उघडिपीला ते पसरावे. बुरशीचे ठिपके दिसल्यास पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने ते पुसावेत. काढलेले हूड धान्याच्या थप्पीशेजारी ठेवल्यास उंदीर ते कुरतडतात. आढ्याला दोरीने टांगून ठेवले की विषाची गोळी ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

हूड बसवून देणारा कारागीर सहसा न सांगणारी गोष्ट अशी की, कापडाला कुलूप नसते. दिवसभराची वसुली, पट्ट्या, वही आणि चेकबुक असलेली पिशवी आसनाखाली ठेवून चहाला उतरणे बंद गाडीतही शहाणपणाचे नाही; हूडच्या गाडीत तर पानपट्टीवरची कात्रीही पुरते. ज्या पेढीची रोकड अशा गाडीतून बँकेत जाते, तिने गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जखडलेली लोखंडी पेटी बसवून घ्यावी.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. जुन्या जीपच्या कमानी कापड ताणून धरण्यासाठी असतात, गाडी उलटल्यास तिचे वजन पेलण्यासाठी नव्हेत. नव्या थारमध्ये त्यासाठी वेगळा लोखंडी पिंजरा आहे, जुन्या गाड्यांत बहुधा नसतो. यात्रेला निघालेल्या मुलांना कमानी धरून उभे राहू देण्याची रीत कौतुकाची वाटते, पण ती तत्काळ थांबवावी.

कापडी छत नको झाले म्हणून अनेक तरुण बाजारातून टणक छत आणून बसवतात. येथे कागदपत्रांचा प्रश्न येतो. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी परस्पर बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ संदर्भात स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. काश्मीरमध्ये एका थारमालकाला टणक छत आणि मोठे टायर बसवल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलेही आहे. तेव्हा छताचा प्रकार बदलायचा असेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी, मग खर्च, आणि त्याची नोंद विमा कंपनीकडे, हा क्रम ठेवावा. जुन्या हूडच्या जागी त्याच जातीचे नवे हूड बसवण्यात ही अडचण येत नाही. हिशेबातही तो खर्च सामान्यतः दुरुस्तीखाली जातो. छताची जात बदलल्यास मात्र तो कसा दाखवावा हे सनदी लेखापालाला विचारून ठरवावे.

मोटार विम्यात दावा मंजूर करताना रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापण्याची पद्धत आहे, काचेवर मात्र काही कापत नाहीत. हूड पहिल्या वर्गात मोजले जाण्याचीच शक्यता अधिक. उन्हाने झालेली झीज तर कोणतीही पॉलिसी भरून देत नाही. म्हणून ‘झिरो डेप्रिसिएशन’चा जादा हप्ता भरताना हूड त्यात धरले आहे का, हे लेखी विचारावे आणि नवे हूड बसवल्याच्या दिवशीच जीएसटीचे बिल व चार बाजूंची छायाचित्रे पॉलिसीच्या फाइलला लावून ठेवावीत.