थांबारेषेच्या अलीकडे

रस्त्यावर वाहन चालवणाऱ्याने कोणाचे ऐकायचे, याचे उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ११९ व्या कलमात आहे. हा कायदा १ जुलै १९८९ पासून देशभर लागू झाला. चालकाने आदेश देणाऱ्या वाहतूक चिन्हांप्रमाणे आणि केंद्र सरकारच्या विनियमांप्रमाणे वाहन चालवावे, तसेच वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाच्या सूचना पाळाव्यात, असे हे कलम सांगते. यातले विनियम पहिल्यांदा १९८९ साली झाले आणि २०१७ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. या सगळ्यात एक उतरंड आहे. चौकात पोलिस उभा राहून हाताने वाहतूक सोडत असेल, तर त्याचा हात दिव्याहून मोठा. पोलिस नसेल तर दिव्याचा शब्द. दिवा नसेल किंवा बंद असेल तर पाट्या आणि रस्त्यावरच्या रेषा. आणि यांपैकी काहीच नसेल, तरी कोणी कोणाला आधी वाट द्यायची हे विनियमांनी ठरवून ठेवले आहेच. नियम नाही असा रस्ता देशात नाही.

तांबडा आणि हिरवा हे रंग रस्त्यावर आले ते रेल्वेकडून. १० डिसेंबर १८६८ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटजवळ जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याच्या कल्पनेतून पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. दिवसा हलणारे हात, रात्री गॅसचे दिवे, अशी त्याची रचना होती. त्यात हिरव्याचा अर्थ 'जा' असा नव्हता, 'जपून जा' असा होता. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन सिग्नल चालवणारा पोलिस जखमी झाला आणि तो प्रयोग थांबला. विजेवर चालणारा सिग्नल अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात ५ ऑगस्ट १९१४ रोजी सुरू झाला. त्यात तांबडा आणि हिरवा हे दोनच दिवे होते. मधला पिवळा दिवा घेऊन चारही दिशांना दिसणारा सिग्नल १९२० साली डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स या पोलिस अधिकाऱ्याने बसवला. तांबडा वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली हा क्रम आज आपल्याकडेही ठरलेला आहे. ज्यांना तांबड्या-हिरव्यातला फरक डोळ्यांनी कळत नाही, ते दिव्याच्या जागेवरून तो ओळखतात.

तांबडा दिवा म्हणजे थांबणे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. कुठे थांबायचे, हे मात्र लायसन्स खिशात बाळगणाऱ्या पुष्कळांच्या कृतीत दिसत नाही. थांबायचे ते थांबारेषेच्या अलीकडे. झेब्रा क्रॉसिंगच्या आधी रस्त्यावर आडवी पांढरी जाड रेषा असते, तिच्या मागे गाडीचे पुढचे चाकच नव्हे, तर पुढचे टोकही राहिले पाहिजे. रेषा पुसली गेली असेल तर झेब्राच्या अलीकडे, आणि झेब्राही नसेल तर चौकात न शिरता थांबायचे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातला गर्दीचा चौक पाहिला तर दुचाक्यांची पहिली रांग झेब्रावर आणि रिक्षांची तोंडे त्याच्याही पुढे असतात. तांबडा दिवा पाळल्याचे समाधान या प्रत्येकाला असते. पण चालणाऱ्यासाठी आखलेली जागा त्यांनी व्यापलेली असते. मग काठी टेकत जाणारे आजोबा, दप्तर घेतलेले मूल, हातात पिशव्या घेऊन निघालेली बाई, सगळे गाड्यांच्या फटींतून वाट काढतात किंवा गाड्यांना वळसा घालून भर चौकातून जातात. दिवा हिरवा होतो तेव्हा ते रस्त्याच्या मध्यावर असतात. सिग्नल मोडल्याची नोंद कुठेही होत नाही, आणि तरीही सिग्नलचा अर्धा हेतू तिथे बुडालेला असतो.

ही गोष्ट किरकोळ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातली. देशभरच्या मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे. म्हणजे रस्त्यावर जीव गमावणाऱ्या दर पाच जणांत एक जण असा, की ज्याच्या हातात ना स्टिअरिंग होते ना हँडल. थांबारेषा आखलेली असते ती याच माणसासाठी.

पिवळ्या दिव्याविषयीचा गैरसमज आणखी खोल आहे. पिवळा म्हणजे 'लवकर निघा' नव्हे. पिवळा दिसताच थांबायचे. फक्त गाडी रेषेच्या इतकी जवळ आली असेल की ब्रेक मारला तर मागच्याची धडक बसेल, तेवढ्यापुरती पुढे जाण्याची मुभा आहे. या नियमामागे साधे गणित आहे. धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ती किती अंतर कापते, याचे ठरलेले आकडे इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था रस्त्यांच्या आखणीसाठी वापरते. ताशी ५० किलोमीटर वेगाला ते अंतर ६० मीटर धरतात, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर तिप्पट होते. यातला बराचसा भाग ब्रेकवर पाय पडण्याआधीच सरतो, कारण डोळ्यांनी पाहून मनाने ठरवायला आखणीच्या हिशेबात अडीच सेकंद दिलेले असतात. पिवळा पाहून वेग वाढवणारा नेमका उलट वागतो. थांबायला जास्त जागा लागेल असा वेग तो घेतो, आणि तेही समोरच्या बाजूची वाहतूक सुटायच्या क्षणाला.

हिरवा दिवा जाण्याची परवानगी देतो, हक्क देत नाही. चौकात आधीच अडकलेली वाहने आणि रस्ता ओलांडत असलेली माणसे बाहेर पडू द्यायची असतात. काही चौकांत पिवळ्या रेषांची जाळी आखलेली असते. पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय, दिवा हिरवा असला तरी, त्या जाळीत शिरायचे नसते. चारही बाजूंनी कोंडलेल्या, अर्धा तास न हलणाऱ्या चौकाचे कारण बहुतेक वेळा हा एकच मोडलेला नियम असतो.

डावीकडच्या वळणाचेही तसेच. तांबड्यावर डावीकडे वळायला कायम मोकळीक असते, हा समज खोटा आहे. 'फ्री लेफ्ट'ची पाटी किंवा डावीकडचा हिरवा बाण असेल तिथेच वळता येते, आणि तिथेही पायी ओलांडणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. रात्री उशिरा लुकलुकणारा पिवळा दिवा असेल तर वेग कमी करून, दोन्हीकडे पाहून जायचे. लुकलुकणारा तांबडा असेल तर पूर्ण थांबून मग निघायचे. वर्तुळाकार चौकात आत फिरणाऱ्या वाहनांना आधी वाट द्यायची. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांना वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे.

मुंबईने या विषयात दोन लक्षात राहतील असे प्रयोग केले. २०२० साली दादर-माहीम भागात पादचारी सिग्नलवर पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती आली. रस्ता ओलांडणारा माणूस म्हणजे पुरुषच, ही सवयीची समजूत त्या छोट्याशा बदलाने मोडली. त्याच्या थोडे आधी मुंबई पोलिसांनी काही चौकांत आवाज मोजणारी यंत्रे सिग्नलला जोडली. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबड्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. उभ्या गाडीतून हॉर्न वाजवल्याने दिवा लवकर बदलत नाही, हे त्याहून सोप्या रीतीने सांगणे अवघड.

दिव्यांपेक्षा पाट्या अधिक, आणि त्यांकडे लक्ष मात्र त्याहून कमी. पाटीवरचे चित्र वाचण्याआधी तिचा आकार बोलतो. तांबड्या कडेचे वर्तुळ म्हणजे आदेश: प्रवेश बंद, उजवीकडे वळू नका, ओव्हरटेक नको, हॉर्न नको, वेगमर्यादा. निळ्या वर्तुळातल्या चिन्हाप्रमाणे वागणेही सक्तीचे असते. तांबड्या कडेचा त्रिकोण सावध करतो: पुढे वळण, अरुंद पूल, शाळा, घसरडा रस्ता, गतिरोधक. चौकोनी पाट्या माहिती देतात. दोन पाट्यांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. थांबण्याची पाटी अष्टकोनी आणि वाट देण्याची पाटी टोक खाली असलेला त्रिकोण. धुके असो, पाटीवर चिखल उडालेला असो वा ती मागच्या बाजूने दिसत असो, नुसत्या आकारावरून ती ओळखता यावी हा त्यामागचा विचार. अष्टकोनापाशी रस्ता पूर्ण रिकामा दिसला तरी चाके थांबलीच पाहिजेत. उलट्या त्रिकोणापाशी थांबायलाच हवे असे नाही, पण मुख्य रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायलाच हवे. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत या चिन्हांवर प्रश्न असतात आणि ६० टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार पास होतो. पाठ केलेली ही चिन्हे पुढे आयुष्यभर पुन्हा कोणी विचारत नाही, हा या व्यवस्थेतला मोठा दोष आहे.

रस्त्यावरच्या रेषा म्हणजे आडव्या पडलेल्या पाट्याच. मधली रेषा तुटक असेल तर समोरून कोणी येत नसताना ती ओलांडून पुढच्याला मागे टाकता येते. ती सलग असेल तर ओव्हरटेक करायचे नाही. सलग रेषा उगाच आखलेली नसते. वळणामुळे किंवा चढामुळे समोरचे पुरेसे अंतर दिसत नाही अशा जागी ती असते. सह्याद्रीतल्या घाटांत हे अधिक जपावे लागते. आंबेनळी, वरंधा, ताम्हिणी यांसारख्या घाटांत दोन मोठी वाहने एकमेकांना पार होऊ शकत नाहीत अशा जागी उतरणाऱ्याने थांबायचे आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण असते, मागे घसरण्याचा धोकाही असतो. जुने एसटी चालक हा नियम न बोलता पाळत आले आहेत.

वेगाच्या पाटीबद्दल एक खुलासा हवा. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने शहरी हद्दीत मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठेवली. द्रुतगती मार्गांवर मोटारींना १२० पर्यंत मुभा दिली. पण राज्ये आणि स्थानिक यंत्रणा ती कमी करू शकतात, आणि रस्त्याकडेच्या पाटीवर लिहिलेला आकडाच तिथे लागू असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींसाठी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी. २०२२ सालच्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू त्याच सरकारी अहवालाने अतिवेगाच्या नावावर मांडले आहेत.

शिक्षेची तरतूद कडक आहे. तांबडा दिवा तोडणे, थांबण्याची पाटी डावलणे, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने जाणे, गाडी चालवताना हातात मोबाइल धरणे या गोष्टी २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहनचालनाच्या १८४ व्या कलमात आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. कॅमेऱ्यातून आलेले ई-चलान हा केवळ पैशांचा प्रश्न मानून ते पुढच्या लोकअदालतीपर्यंत लांबवण्याची रीत पडली आहे. कायद्याने ज्याला धोका म्हटले त्याला समाज थकबाकी समजू लागला, ही चिंतेची बाब आहे.

पण पाळण्याची जबाबदारी एकट्या चालकावर टाकणे अन्यायाचे होईल. पाटी दिसलीच नाही तर ती पाळायची कशी? फांद्यांत बुडालेली, उन्हाने फिकट झालेली, रात्री परावर्तित न होणारी पाटी, पुसलेला झेब्रा, महिनोन्‌महिने बंद पडलेला दिवा, हे सगळे चालकाला चुकायला लावतात. रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद १९८-अ कलमात आहे. ती क्वचितच वापरली जाते. ती वापरली गेली पाहिजे.

उरतो तो मुद्दा सणासुदीच्या दिवसांतला आहे. ११६ व्या कलमाप्रमाणे वाहतुकीचे चिन्ह काढणे, बदलणे किंवा विद्रूप करणे कोणालाही मना आहे. चुकून एखाद्या पाटीला धक्का लागून ती मोडली, तर तसे पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. वाहतुकीचे चिन्ह झाकणारी किंवा त्याच्यासारखी दिसून फसवणारी जाहिरात हटवण्याचा अधिकारही याच कलमाने दिला आहे. दरवर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत शुभेच्छांचे फ्लेक्स नेमके चौकांच्या कोपऱ्यांवर, सिग्नलच्या खांबांवर आणि दिशादर्शक पाट्यांच्या आड चढतात, कारण तिथे सगळ्यांची नजर जाते. पाटी तिथे लावलेली असते तीही त्याच कारणासाठी. मंडळांनी, पक्षांनी आणि दुकानदारांनी आपापले फलक लावण्यापूर्वी मागे काय झाकले जाते ते पाहावे. वाचकांनी आपल्या चौकातली झाकलेली पाटी किंवा बंद दिवा दिसल्यास पालिकेच्या प्रभाग कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना लेखी कळवावे, आणि फोटोही सोबत जोडावा.