खाण नव्हे, कोठार!

मंडळी, हल्ली घरोघरची तरुण मुले 'मायनिंग नोड' टाकायच्या गोष्टी करतात. घरातल्या डिस्कवर जगाचा डेटा साठवायचा आणि नाणी मिळवायची, अशी ही योजना. त्यातल्या आकड्यांकडे नंतर वळू. माझे पहिले भांडण 'मायनिंग' या शब्दाशीच आहे.

खाण म्हटले की जमिनीत दडलेले धन आठवते. फाइलकॉइनच्या जाळ्यात तसे काहीच दडलेले नसते. दुसऱ्याची माहिती सांभाळायची आणि ती जागेवर आहे याचा गणिती पुरावा दर २४ तासांत द्यायचा, एवढेच. याला आपल्याकडे कोठाराची राखण म्हणतात. त्या जाळ्यातल्या मंडळींनीसुद्धा २०२१ च्या सुमारास 'मायनर' टाकून 'स्टोरेज प्रोव्हायडर' हा शब्द घेतला. आपण मात्र जुन्या शब्दाला चिकटून आहोत, कारण त्यात सोने चमकते!

आता कोठाराचा हिशेब मांडा. माहिती स्वतः 'सील' करायची तर १२८ जीबी रॅमचे यंत्र आणि दमदार ग्राफिक्स कार्ड हवे. नाण्यांच्या सोडतीत नाव यायला निदान १० टेराबाइटची साठवण हवी. शिवाय त्याच नाण्यात अनामत ठेवायची. वीज गेली, पुरावा चुकला आणि चूक तशीच राहिली, की दंड. पगारी राखणदारसुद्धा असे पदरचे गहाण ठेवत नाही हो!

आणि मिळकत? हे नाणे एप्रिल २०२१ मध्ये २०० डॉलरच्या वर गेले होते. २०२२ संपताना ते ५ डॉलरच्याही खाली होते. यंत्राचे पैसे आणि विजेचे बिल मात्र रुपयांत द्यायचे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि नाण्याच्या खरेदीखेरीज दुसरा खर्च वजा करता येत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही वळता होत नाही.

सगळ्यात खटकते ते वेगळेच. या व्यवस्थेत ग्राहकाची एक ओळही नसलेल्या रिकाम्या जागेलाही बक्षिसाचा वाटा मिळतो. धान्य नाही, पण कोठार मोठे म्हणून शाबासकी!

मूळ कल्पनेला माझा विरोध नाही. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले तेव्हा कितीजणांची पाने गेली, हे आपण ब्लॉग लिहिणाऱ्यांनी तरी विसरू नये. माहिती एकाच मालकाच्या हाती नसावी, हे अगदी खरे. पण राखण हे सेवेचे काम आहे. त्यात भांडवल लागते, शिस्त लागते आणि ग्राहक लागतो.

तेव्हा घरच्या तरुणांनो, नोड जरूर टाका. पण आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. मी कोणाचे काय सांभाळणार आहे? याचे उत्तर देता येत नसेल, तर आजोबांच्या मुदत ठेवीला हात लावू नका.