चंद्रामागची पृथ्वी

४ फेब्रुवारी २०१९ रोजी नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या २५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीवर एक चित्र उतरलं. समोर चंद्राची आपल्याला कधीच न दिसणारी बाजू, पलीकडे छोटीशी पृथ्वी. ते टिपलं होतं चीनमधल्या हार्बिनच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या लाँगजियांग-२ या चिमुकल्या उपग्रहाने. चित्र टिपायची आज्ञा गेली जर्मनीतल्या एका हौशी रेडिओवाल्याच्या अँटेनावरून. ड्विंगेलोची दुर्बीण १९५६ची, आता स्वयंसेवक चालवतात.

एक चित्र उतरायला सुमारे २० मिनिटं लागत. तुकड्यातुकड्यांनी येणारा तो डेटा. एखादा तुकडा हुकला की चित्रात तेवढी जागा कोरी. मग दुसऱ्या देशातल्या कुणाकडे तो पोचला असेल, तर त्याच्याकडून घेऊन ती भरायची. मला या साऱ्यात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. २ जुलै २०१९च्या खग्रास ग्रहणात दक्षिण अमेरिकेवर पडलेली चंद्राची सावलीही या हौशी मंडळींनी अशीच मिळवली. ३१ जुलैला उपग्रह ठरवून चंद्रावर आदळवला गेला.

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबादेत मराठी वाचणाऱ्या आमच्या शाळकरी मित्रांनो, हे तुमच्या आवाक्याबाहेरचं नाही. चंद्रापर्यंत पोचायला मोठी अँटेना लागते. पण पृथ्वीजवळच्या उपग्रहांचे संदेश साध्या अँटेनावरही ऐकू येतात. संदेश पाठवायचे असतील तर केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. विज्ञानाच्या शिक्षकांना एवढंच विचारा: आपल्या शाळेच्या गच्चीवर एक अँटेना लावू या का?