काच पुसण्यासाठी वर चढायलाच हवे काय?

नव्या कामगार संहितेने कामाच्या जागेवरील सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली आहे. इमारतींच्या काचा पुसण्याच्या कामात ती पार पाडण्याचे एक साधे साधन ब्रिटनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ रुळले आहे. ते आपल्याकडे आणताना मात्र किमतीपलीकडचा विचार करावा लागेल.

वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळमधील गिरण्यांच्या जुन्या जागा, ऐरोली, हिंजवडी... गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातील शहरांचा दर्शनी चेहरा झपाट्याने काचेचा झाला. केवळ उत्तुंग मनोरेच नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणची खासगी रुग्णालये, बँकांच्या शाखा, मोटारींची दालने आणि मेट्रोची स्थानकेही काचेने मढविली गेली. आपल्या हवेत धूळ आहे, किनारपट्टीवर खारा वारा आहे. त्यामुळे ही काच काही आठवड्यांतच मळते आणि ती पुसण्यासाठी कोणाला तरी वर चढावे लागते. कधी शिडीवर, कधी दोराला बांधलेल्या फळीवर, कधी खिडकीच्या छज्जावर कशाचाही आधार नसताना. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात ‘उंचावरून पडणे’ असा वर्ग असतो. परंतु त्यात काच पुसताना पडलेला माणूस वेगळा दिसत नाही. ज्याची मोजदाद नाही, त्याची चर्चाही होत नाही.

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही या प्रश्नाशी थेट निगडित आहे. कामाची जागा इजा होण्याच्या धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे ही संहिता सांगते. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. तथापि, तत्त्वाचे रूपांतर प्रत्यक्ष कामाच्या पद्धतीत कसे करावयाचे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधताना ब्रिटनचा अनुभव उपयोगी पडतो.

ब्रिटनमध्ये उंचीवरील कामाविषयीचे नियम ६ एप्रिल २००५ रोजी अमलात आले. त्यापूर्वी बांधकामाच्या क्षेत्रात दोन मीटरची मर्यादा प्रमाण मानली जाई. नव्या नियमांनी ती बाजूला सारली आणि जेथून पडल्यास इजा होऊ शकते, ती प्रत्येक जागा ‘उंची’ ठरविली. त्याहून महत्त्वाची होती ती नियमांनी घालून दिलेली क्रमवारी. जे काम जमिनीवर उभे राहून सुरक्षितपणे करणे शक्य आहे, ते उंचीवर जाऊन करूच नये, ही पहिली पायरी. वर जाणे अटळच असेल तर पडण्यास प्रतिबंध करावा, ही दुसरी. तेही जमले नाही तर पडण्याचे अंतर आणि परिणाम कमी करावेत, ही तिसरी. शिड्यांवर बंदी आली, असा गैरसमज तेव्हा पसरला आणि तसे काही नसल्याचा खुलासा तेथील आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाला वारंवार करावा लागला. परंतु शिडी ही पहिली निवड राहिली नाही, हे खरे. काचा पुसणाऱ्यांच्या धंद्यात तिची जागा बऱ्याच प्रमाणात ‘वॉटर-फेड पोल’ने घेतली. हे साधन त्याआधीही होते. कायद्याने त्याच्या प्रसाराला वेग दिला.

हे साधन म्हणजे आतून नळी गेलेला लांब, पोकळ दांडा. त्याच्या टोकाला ब्रश असतो आणि ब्रशमधून पाण्याच्या बारीक धारा निघतात. कामगार जमिनीवर उभा राहून ब्रशने मळ सोडवितो आणि त्याच पाण्याने काच धुऊन काढतो. काच कोरडी करण्यासाठी रबरी पट्टी ओढावी लागत नाही. इटलीहून अमेरिकेत आलेल्या एत्तोरे स्तेकोने यांनी १९३६ मध्ये हलक्या पितळी रबरपट्टीचे पेटंट घेतले, तेव्हापासून काच पुसणे म्हणजे काचेजवळ जाणे, असेच समीकरण होते. पोलने ते मोडले. याचे रहस्य पाण्यात आहे. काचेवर डाग उमटतात ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे. क्षार काढून टाकले की थेंब सुकला तरी डाग मागे राहत नाही. त्यासाठी पाण्यातील विद्राव्य घटक, म्हणजेच घरोघरच्या शुद्धीकरण यंत्रांमुळे परिचित झालेला ‘टीडीएस’, दहा पीपीएमच्या आत, शक्यतो शून्याजवळ असावा लागतो.

येथवर सारे सरळ आहे. गुंतागुंत सुरू होते ती पोल निवडताना. बाजारात ॲल्युमिनियम, काचतंतू, कार्बनतंतू आणि या दोन तंतूंच्या मिश्रणाचे असे पोल मिळतात. ॲल्युमिनियम स्वस्त व टणक, पण जड. काचतंतू मध्यम किमतीचा, मात्र लवचिक. कार्बनतंतू सर्वांत हलका व ताठ, पण कित्येक पटींनी महाग. खरेदीदार साहजिकच दोन आकडे पाहतो, कमाल लांबी आणि किंमत. फार तर एकूण वजन विचारतो. वस्तुतः कामगाराच्या खांद्याला जाणवते ते एकूण वजन नव्हे, तर वजन कोठे आहे ते.

उदाहरण घेऊ. पोल भिंतीकडे कलला असता त्याचे टोक हातापासून आडव्या अंतराने तीन मीटर पुढे असेल, तर टोकावरचा अर्धा किलोचा ब्रश तोलणे म्हणजे हातापासून अर्ध्या मीटरवर तीन किलो तोलण्यासारखे आहे. ब्रश काचेवर टेकलेला असताना काही भार काच घेते. परंतु काच धुण्यासाठी तो उचलला की सारा भार हातावर येतो. दिवसभरात असे शेकडो वेळा घडते. म्हणूनच पोलच्या बुडाशी शंभर ग्रॅम वाचविण्यापेक्षा टोकाशी शंभर ग्रॅम वाचविणे कितीतरी मोलाचे ठरते. हलका ब्रश, हलका सांधा आणि वरचे सडपातळ भाग यांकडे आधी पाहावयास हवे. नळीतील पाणीही विसरून चालत नाही. पाच मिलिमीटर पोकळीच्या नऊ मीटर नळीत पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी असते, शिवाय नळीचे वजन वेगळेच.

दुसरा मुद्दा ताठपणाचा. बाकी सारे तेच ठेवून दांड्याची लांबी दुप्पट केली, तर टोकाशी येणारा बाक आठपट होतो, असे यंत्रशास्त्र सांगते. दोन मजल्यांपर्यंत बरा वाटणारा पोल चौथ्या मजल्यावर माशाच्या गळासारखा डोलू लागतो तो यामुळे. डोलणारा ब्रश काचेवर दाबण्यासाठी माणूस अधिक जोर लावतो, कंबर वाकवितो, मान ताठवतो. म्हणजे कागदावर हलका असलेला पोल, तो लेचापेचा असेल तर, प्रत्यक्षात जड पोलइतकाच दमवितो. हलकेपणा आणि ताठपणा ही जोडगोळी आहे. एकाची जाहिरात करून दुसऱ्याविषयी मौन पाळणाऱ्या माहितीपत्रकावर विसंबू नये. पोल पूर्ण लांबीपर्यंत उघडून, पाणी सोडून, ज्याला तो रोज वापरावयाचा आहे त्या कामगाराच्याच हाती किमान अर्धा तास देणे, ही एकच विश्वासार्ह परीक्षा होय.

तिसरी गोष्ट उंचीच्या हव्यासाची. वीस मीटरपर्यंत पोहोचणारे पोल उपलब्ध आहेत, म्हणून ते सर्वांनी घ्यावेत असे नाही. ज्याचे बहुतांश काम तळमजला व पहिल्या मजल्यावर आहे, त्याच्यासाठी लहान काचतंतूचा किंवा मिश्र पोल पुरेसा आणि किफायतशीर ठरतो. तीन-चार मजल्यांचे काम नियमित असेल तेथे कार्बनतंतूवरचा खर्च योग्य ठरतो. मोठा पोल घेतलाच, तर खालचे जाड भाग काढून ठेवता येतात काय, हे पाहावे; अन्यथा पहिल्या मजल्याची काच पुसतानाही चौथ्या मजल्याचे ओझे वागवावे लागते. पकडी बदलून मिळतात काय, हेही विचारावे, कारण अनेकदा तंतूंच्या नळ्यांआधी पकडीच झिजतात.

या साऱ्यांत एक धोका असा आहे, की ज्याकडे दुर्लक्ष केल्यास शिडीवरून वाचविलेला माणूस जमिनीवर दगावेल. कार्बनतंतू विजेचा वाहक आहे. कोरडा काचतंतू वाहक नसला, तरी पाण्याने भिजलेल्या पोलवर भरवसा ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये विजेच्या तारांजवळ पोल वापरण्याविषयी काटेकोर सूचना आहेत. आपल्या गावांत व उपनगरांत तर उच्चदाबाच्या तारा इमारतींच्या अगदी अंगावरून गेलेल्या दिसतात. मुंबई, पुणे व नागपूर येथे मेट्रोच्या डोक्यावरील तारांतून २५ हजार व्होल्टचा प्रवाह वाहतो. अशा ठिकाणी पोल उचलण्यापूर्वी तारांचे अंतर पाहणे आणि शंका असल्यास वीजपुरवठा बंद केल्याखेरीज काम न करणे, हा नियम कंत्राटाच्या अटींतच असला पाहिजे. पोलच्या मुठीला रबराचे आवरण आहे, एवढ्यावर निर्धास्त राहणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आपल्या परिस्थितीत पाण्याचा प्रश्नही वेगळा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पाचशे मिलिग्रॅमपर्यंत विद्राव्य घटक स्वीकारार्ह मानले जातात आणि दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घेतले जातात. बोअरवेल व टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत हा आकडा मोठा असण्याची शक्यता अधिक. असे पाणी थेट क्षारशोषक राळेतून सोडले तर राळ लवकर निकामी होते आणि काम महाग पडते. आधी रिव्हर्स ऑस्मोसिस आणि मग राळ, हा मार्ग परवडतो. पण त्यात बरेच पाणी वाया जाते. चालू पोल मिनिटाला साधारण एक ते दोन लिटर पाणी घेतो. एप्रिल-मेमध्ये ज्या शहरांत पिण्याच्या पाण्यात कपात होते, तेथे काचेसाठी पाणी शुद्ध करणे आणि उरलेले गटारात सोडणे हे समर्थनीय नाही. ते सांडपाणी स्वच्छतागृहांसाठी वा फरशी धुण्यासाठी वापरण्याची व्यवस्था आधीच व्हावयास हवी. आणखी एक सावधगिरी टाकीची. गाळणीत क्लोरीन निघून गेलेले पाणी २० ते ४५ अंश तापमानाला साचून राहिले, तर त्यात लिजिओनेला जीवाणू वाढू शकतात आणि तुषारांवाटे फुफ्फुसात जाऊ शकतात. आपल्याकडे टाकी वर्षातील बराच काळ नेमकी याच तापमानात असते. ती रिकामी करून धुणे हे नैमित्तिक नव्हे, नित्याचे काम मानावे.

पोल हा सर्व दुखण्यांवरचा उतारा नाही, हेही मान्य करावयास हवे. तीस मजली मनोऱ्याला पोल पुरत नाही; तेथे यांत्रिक पाळणा आणि दोन स्वतंत्र दोरांची शिस्त यांना पर्याय नाही. नव्या इमारतीच्या काचेवर बसलेले सिमेंट किंवा वर्षानुवर्षांचे क्षारांचे डाग ब्रशने निघत नाहीत. पोलचेही स्वतःचे दुखणे आहे. सतत वर पाहून मान आखडते, खांदे भरून येतात. त्यामुळे कामाची आलटूनपालटून वाटणी आणि विश्रांती आवश्यक ठरते. ब्रिटननेही सर्व काही साधले असे नाही. उत्तर आयर्लंड वगळता त्या देशात २०२४-२५ मध्ये १२४ कामगार कामावर मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ३५ जण उंचीवरून पडले होते आणि मृत्यूच्या कारणांत हेच कारण पहिले होते. कायदा धोका संपवीत नाही, परंतु धोका पत्करण्याआधी ‘वर जाणे गरजेचे आहे काय?’ हा प्रश्न विचारण्यास भाग पाडतो.

आपल्याकडे नेमका हा प्रश्नच विचारला जात नाही. काचसफाईची कंत्राटे बहुधा चौरस फुटाच्या दराने आणि सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला दिली जातात. दर जितका खाली, तितकी साधने जुनी आणि माणसे अप्रशिक्षित, हे गणित सर्वांना ठाऊक आहे. त्यात नवी संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी ही मर्यादा पन्नास आहे. पाच-सात माणसांच्या टोळीने काम करणारा छोटा कंत्राटदार यातून सहज निसटू शकतो. धोकादायक कामांसाठी ही मर्यादा शिथिल करण्याची आणि सुरक्षिततेची मानके ठरविण्याची मुभा संहितेनेच सरकारला दिली आहे. उंचीवरील सफाईला ती लागू करावी आणि ‘जे खालून करता येते ते वर चढून करू नये’ हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मानकांत लिहावे, ही मागणी अवाजवी नाही.

सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. महापालिका, सार्वजनिक रुग्णालये, बँका आणि मेट्रो महामंडळे या स्वतः मोठ्या ग्राहक आहेत. चार मजल्यांपर्यंतच्या काचा जमिनीवरूनच धुतल्या जातील, पोल पूर्ण लांबीवर तपासून घेतला जाईल, पाण्याचा टीडीएस मोजला जाईल आणि तारांजवळ काम होणार नाही, अशा चार ओळी त्यांनी निविदेत घातल्या, तरी बाजार बदलू लागेल. हलक्या पोलची किंमत जास्त आहे, ही तक्रार खरी आहे. मात्र ती किंमत आजही कोणीतरी मोजतच आहे. फरक इतकाच, की ती ताळेबंदात दिसत नाही. शिडीवरच्या माणसाच्या गुडघ्यांत, खांद्यांत आणि कधी त्याच्या घरच्यांच्या पदरी आलेल्या पोकळीत दिसते. काचेची इमारत ज्याला परवडते, त्याला ती पुसणाऱ्याचे पाय जमिनीवर ठेवणेही परवडलेच पाहिजे.