पाचच रंगवा, पण पूर्ण रंगवा

तुमच्या मोबाइलमध्ये अर्धवट सोडलेले ऑनलाइन कोर्स किती आहेत, जरा मोजून बघा. कोपऱ्यात धूळ खात पडलेली गिटार, जिमचं तीन महिन्यांचं पॅकेज, जानेवारीच्या नवव्या पानावर थांबलेली डायरी हेही त्यात धरा. आपल्या पिढीला सुरुवात करायला मस्त जमतं. शेवटापर्यंत जायची वेळ आली की आपण पुढच्या गोष्टीची सुरुवात करतो.

यावर मला एक उपाय सुचवायचाय आणि तो थोडा विचित्र आहे. जुन्या पद्धतीचे, इंचभर उंचीचे पाच अंतराळसैनिक आणा, ते स्वतःच्या हाताने रंगवा आणि मग मित्राच्या पाच जणांशी त्यांची चकमक लावा. फक्त पाच. सहावा आत्ता नको.

याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. टेबलावर रणांगण मांडायचं, टेपने इंच मोजून सैनिक पुढे सरकवायचे आणि गोळी लागली की नाही, हे फासे टाकून ठरवायचं. दिवाळीत किल्ला केला असेल, तर अर्धं गणित तुम्हाला माहीतच आहे. मातीचा डोंगर, वर पेरलेले आळीव आणि बुरुजावर मातीचे मावळे. फरक एवढाच, की इथे मावळे जागचे हलतात आणि शेवटी कुणीतरी हरतं. हा फक्त लहान मुलांचा खेळ आहे असं वाटत असेल, तर ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ लिहिणारे एच. जी. वेल्स आठवा. खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक त्यांनी १९१३ मध्ये काढलं होतं.

मी ज्या सैनिकांबद्दल बोलतेय, त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे १९८०चं दशक. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर’ बाजारात आणला. तो लिहिला होता रिक प्रीस्टली यांनी. तेव्हाचा खेळ छोटा होता. मोजकी पात्रं, एक गोष्ट आणि ती पुढे नेणारा एक गेममास्टर. त्याच सुमारास ३० प्लॅस्टिकच्या स्पेस मरीन सैनिकांचा एक बॉक्स आला आणि तो तुफान गाजला. पुढे खेळ वाढत गेला, सैन्यं मोठी होत गेली. आज या छंदातल्या लोकांचा एक लाडका शब्दप्रयोग आहे, ‘लाजेचा ढीग’. विकत घेतलेले, पण कधीच न रंगवलेले बॉक्स कपाटात रचलेले असतात, त्याला हे नाव. ओळखीचं वाटतंय ना? आपले न उघडलेले कोर्सही त्याच ढिगात बसतात.

म्हणूनच मी चकमकीच्या खेळांच्या बाजूने आहे. १९९५ मध्ये आलेल्या ‘नेक्रोमुंडा’त तुमच्याकडे सैन्य नसतं, एक टोळी असते. एखाद्याला जखम झाली की ती पुढच्या डावातही त्याच्यासोबत राहते आणि जो तगतो त्याचा अनुभव वाढतो. २०२१ मध्ये आलेल्या जोसेफ मॅककुलो यांच्या ‘स्टारग्रेव्ह’मध्ये एक कॅप्टन, एक फर्स्ट मेट आणि जास्तीत जास्त आठ सैनिक, बस्स. पूर्ण टोळी दहाची असली, तरी सरावाला दोन्हीकडून पाच-पाच घेऊन बसायला काहीच हरकत नाही. शंभराच्या सैन्यात कोण पडलं, याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पाचातला एक पडला, तर तुम्ही टेबलावरून ओरडून उठता, कारण त्याचा पट्टा तुम्हीच दोनदा रंगवलेला असतो. पाच जणांत कुणी गर्दी नसतं.

आता जुनेच का? नवे सैनिक दिसायला भारी असतात, हे मान्य. पण ते कॉम्प्युटरवर डिझाइन होतात आणि त्यांच्या अंगावर बकल, नळ्या, पाउच यांचा नुसता बाजार भरलेला असतो. पहिल्यांदा ब्रश धरणारा तिथेच दमतो. जुने सैनिक कारागिरांनी पुट्टीत हाताने घडवले आणि मग धातूत ओतले. चेहरे जरा वाकडे, बंदुका गरजेपेक्षा जाड, हेल्मेट भोपळ्यासारखी. पण बारकावे कमी आणि ठसठशीत, त्यामुळे रंग कुठे थांबवायचा ते दिसतं. हेल्मेटवाले निवडलेत तर डोळे रंगवायची भानगडही नाही. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी जुनी मूर्ती ही नव्यापेक्षा चांगली शिक्षक आहे.

पैशांचा मुद्दा मला टाळायचा नाही. त्या काळातल्या अस्सल मूर्तींसाठी संग्राहक भरपूर किंमत मोजतात. त्या शर्यतीत उतरूच नका. जुन्या साच्यांतून आजही नव्या प्रती ओतणाऱ्या छोट्या ब्रिटिश कंपन्या आहेत. शिवाय ‘स्टारग्रेव्ह’ला तुम्ही कोणत्या कंपनीची मूर्ती वापरता याने काही फरक पडत नाही. रंगांचे महागडे सेटही लागत नाहीत. सुरुवातीला कॅमलच्या अ‍ॅक्रिलिकच्या पाच-सहा ट्यूब पुरतात, फक्त पाणी घालून नीट पातळ करायला हव्यात. आणि रणांगण? त्या काळात ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने डिओडरंटच्या डबीतून तरंगता रणगाडा कसा बनवायचा, ते छापलं होतं. तुमच्या होस्टेलच्या कचऱ्यात एक अख्खं अंतराळ स्थानक पडलेलं आहे.

कृतीही अवघड नाही. सेकंडहँड धातूच्या मूर्तीवर आधीच्या मालकाचा जाड रंग असेल, तर ती रात्रभर डेटॉलमध्ये बुडवून ठेवा आणि हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. लगेच पाणी लावू नका, नाहीतर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो. आधी स्वच्छ डेटॉलने, मग साबणाने धुवा. एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जुन्या धातूत शिसं असतं. त्यामुळे कानस लावताना मूर्ती ओली ठेवा, मास्क घाला, काम करताना खाणंपिणं नको, नंतर हात धुवा आणि लहान भावंडांच्या हाती या मूर्ती देऊ नका.

मग प्रायमरचा स्प्रे. मुंबई-कोकणात राहत असाल तर भर पावसाळ्यात स्प्रे मारू नका, दमट हवेत त्यावर पांढुरकी, खरखरीत साय धरते. नंतर मुख्य तीन रंग ठरवा आणि पाचही जणांना तेच द्या, म्हणजे ती तुकडी दिसते. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही बरे. ते वाळले की गडद रंगाचं अगदी पातळ पाणी फिरवा. ते खाचांत जाऊन बसतं आणि सावली आपोआप तयार होते. शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग घासा. ब्रश शून्य किंवा एक नंबरचा चालतो, त्याचं टोक मात्र टोकदार हवं. रंग ओला ठेवायला हवाबंद डबा, त्यात ओला टिश्यू आणि वर बेकिंगचा बटर पेपर. झालं तुमचं पॅलेट!

इथे कुणीतरी विचारणारच, ‘याचा उपयोग काय?’ मास कॉमच्या वर्गात तर हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ‘याचं पेज का काढत नाहीस? ऑर्डर घे ना!’ आपल्याकडे छंद जन्माला यायच्या आधीच त्याचं लोगो डिझाइन तयार असतं. मला हे पटत नाही. जो छंद पहिल्या दिवसापासून लोकांना दाखवायचा असतो, त्यात आपण वाईट काम करायला घाबरतो. आणि पहिली मूर्ती वाईटच होणार, दुसरीही बहुतेक तशीच. पाचवीपर्यंत हात बसायला लागतो. तिथपर्यंत पोहोचायचं तर मधल्या चार जणांना कुणी लाइक देत नाही, हे चालवून घ्यावं लागतं. म्हणून माझा आग्रह आहे, की तुकडी पूर्ण होईपर्यंत एकही फोटो टाकू नका. नंतर टाकलात तर तुमची मर्जी.

‘पूर्ण’ म्हणजे काय, हेही आधीच ठरवून घ्या, नाहीतर तुम्ही पहिल्याच हेल्मेटवर महिनाभर बसाल. या छंदात एक साधी कसोटी आहे. मूर्ती टेबलावर ठेवायची आणि तीन फुटांवरून बघायची. तिथून छान दिसली, की झाली. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर उंच असलेल्या माणसाचा प्रत्येक नट-बोल्ट रंगवायची सक्ती तुमच्यावर कुणीही केलेली नाही. ही कसोटी सबमिशनला, शॉर्ट फिल्मला, पहिल्या लेखालाही लागू होते. किती अंतरावरून चांगलं दिसलं म्हणजे पुरे, हे ज्याला ठरवता येतं, त्याचंच काम हातावेगळं होतं. हे आपल्याला कुठल्याही सिलॅबसमध्ये शिकवत नाहीत.

सेमिस्टर संपल्यावर सुट्टी आहेच. रोज तासभर दिलात तर तेवढ्यात पाच जण आरामात होतील. एका मित्राला आत्ताच सांगून ठेवा, त्यालाही पाच रंगवायला लावा आणि तारीख ठरवा. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलायची, पुठ्ठ्याचे बुरुज मांडायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि समोरासमोर बसून फासे टाकायचे. सहावा सैनिक घ्यायचा की नाही, ते डाव संपल्यावर ठरवा.